ओतणाऱ्याने काढायचं नाही

"प्रबुद्ध, तुझ्या मढच्या पुडीत लाल आलंय."

माझी छत्री बाकावर राहिलीय, एवढंच सांगावं तशा आवाजात शर्मिष्ठा बोलली. मी बाटल्यांना चिकटपट्ट्या लावत होतो. म्हटलं, हिरवं म्हणायचंय तुला. तर म्हणे, हिरवं आहेच, पण लाल पण आहे, ये ना, बघ. गेलो. पडद्यावर हिरव्याचा उंच डोंगर होता, तो यायलाच हवा होता, आणि त्याच्या उजवीकडे एक बुटका उंचवटा, दुर्लक्ष करायचं ठरवलं असतं तर करता आलं असतं इतका बुटका. "हात नीट धुतले नव्हतेस, यार," ती म्हणाली. माझं डोकंच सटकलं. मी लाल वापरलेलंच नाही, म्हटलं, कपाट तुझ्याकडे, किल्ली तुझ्याकडे, मला काय विचारतेस. ती गप्प झाली. हल्ली सगळेच माझ्यापुढे गप्प होतात. बायको गेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही, आणि मला तर कुणीतरी कचकचून भांडायला हवंय. पुडी पुन्हा लाव, एवढं सांगून मी बाहेर जिन्यात येऊन उभा राहिलो. अंधेरीच्या आमच्या या इमारतीत खाली खोके बनवतात, वर आम्ही पाणी तपासतो, आणि जिन्याला कायम ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. खाली एक टेम्पो मागे येत होता, त्याचं ते पीं पीं चाललं होतं. हात धुतले होते का, हा प्रश्नच नव्हता. लाल कुणाचं आहे ते मला पडद्यापाशीच कळलं होतं. फक्त ते मनात नीट बसेपर्यंत कुठेतरी उभं राहायचं होतं.

लोकांना वाटतं आम्ही पाणी चांगलं की वाईट ते सांगतो. ते कोणीही सांगेल. आम्ही पाणी आलं कुठून ते शोधतो. कुठल्या संडासाचं कुठल्या विहिरीत उतरतं, किती दिवसांनी उतरतं. एका टोकाला पाण्यात खूण सोडायची आणि दुसऱ्या टोकाला कोळशाच्या पुड्या टांगून वाट बघत बसायचं, कोळसा रंग धरून ठेवतो. पण एकट्या खुणेवर भरवसा टाकायचा नाही, हे या कामातलं पहिलं शहाणपण. रंग चिखलाला चिकटतो आणि वाटेतच बसकण मारतो. मीठ कशाला चिकटत नाही, पण समुद्राकाठी मिठाला विचारून काय उपयोग, तिथं सगळंच खारट. चहातलं कॅफिन माणसाच्या लघवीतून पुढे जातं, पण ते लवकर कुजतं, म्हणजे सापडलं तर समजायचं की घाण ताजी आहे. आणि डायटवाले लोक साखरेऐवजी जी गोडी खातात, ती अंगाला लागतच नाही, आत जाते तशी बाहेर पडते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. या सगळ्यांना एकदम कामाला लावायचं आणि मग त्यांच्या जबान्या ताडून बघायच्या. एक खोटं बोलला की दुसरा त्याला पकडून देतो. हे मला कल्पिताने शिकवलं. मी आधी तिच्या हाताखाली लागलो आणि मग तिचा नवरा झालो, आणि तिच्या मते दोन्ही नोकऱ्या सारख्याच होत्या.

दुसरं शहाणपण म्हणजे, ओतणाऱ्याने काढायचं नाही. ज्याने रंग ओतला त्याने पुडीला हात लावायचा नाही, नमुन्याच्या बाटल्या असतील त्या गाडीतही बसायचं नाही. रंग इतका हरामी असतो की नखात राहिलेला कण सगळ्या निकालाची वाट लावतो. म्हणून ओतायची ती, काढायचो मी. रंगाच्या दिवशी ती वेगळ्या रिक्षाने जायची, घरी आल्यावर तिचे कपडे वेगळ्या बादलीत, आंघोळ होईपर्यंत नाहूरच्या आमच्या खोलीत ती दाराच्या चौकटीवर उभी. "शिवू नकोस हां मला," असं दटावून सांगायची. मी म्हणायचो, आमच्या घराण्याला सवय आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता, मग हसली, मग टॉवेल फेकून मारला. पुढे तो आमचा दोघांचा विनोद झाला. दुसऱ्या कोणासमोर केला नाही, कारण दुसरं कोणी हसलं असतं तर मला राग आला असता आणि नसतं हसलं तर तिला. आता कधी चुकून दार उघडं राहिलं की मी चौकटीकडे बघतो. तिचा साबण अजून मोरीत आहे. झिजून सुपारीएवढा झालाय, कारण मी तो वापरतो, आणि वापरला की संपणार हे कळत असूनही वापरतो.

मढला, तिच्या माहेरी, पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घाबरलो होतो. कल्पिता कोळ्यांची, मी बुलढाण्याकडचा, वडील मुलुंडच्या कारखान्यात लागले म्हणून मुंबईचा. तिच्या आईने, अंजनाबाईंनी, लग्नाला नाही म्हटलं नव्हतं आणि होही म्हटलं नव्हतं. फेरीबोटीतून उतरलो, वाळत घातलेल्या बोंबिलांच्या मधून चालत गेलो, घरामागे त्यांची ती विहीर. तिकडे बाव म्हणतात. समुद्र हाकेवर, तरी पाणी गोड, सगळ्या पाड्याला त्याचा अभिमान. नळ आलाय तरी भाताला आणि प्यायला बावीचंच. अंजनाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. बादली सोडली, ओढली, पितळेचा तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पी बाला, उन्हाचा आलास." बस. एवढंच. माझ्या आजीला तिच्या गावात विहिरीवर चढू देत नव्हते. कुणाला दया आली तर वरून ओतायचे आणि ती खाली ओंजळ धरायची, पाणी अर्धं कोपरांवरून मातीत. हे ती हसत हसत सांगायची, आणि सांगताना तिचे दोन्ही हात आपोआप एकत्र यायचे. मी तो तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यालो, नाकात गेलं, ठसका लागला, आणि कल्पिता फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून ती बाव माझी झाली. मढला गेलो की आधी बाव, मग माणसं.

बावीच्या वरच्या अंगाला बंगले आहेत, शूटिंगला भाड्याने जातात. दोनशे-दोनशे माणसं येतात, जेवतात, संडासला जातात, आणि त्या सगळ्याची टाकी जमिनीत. कल्पिताच्या डोक्यात ती टाकी बरेच दिवस होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिने एकदाचं मनावर घेतलं. आमच्याकडे लालचं थोडं उरलं होतं. बंगल्याच्या राखणदाराला पापलेट देऊन तिने ते संडासात ओतलं, आणि मी बावीत पुड्या टांगल्या. लालच का, हे मी आता स्वतःला रोज विचारतो. लाल चिखलाला सगळ्यात जास्त चिकटतो, हे तीच मला शिकवायची. गोडी तपासायला पैसे लागतात, मशीनवर पाळी लागते, आणि घरच्या कामाला ते कोण देणार. शिवाय आईची बाव. तिला "नाही" ऐकायचं होतं आणि नाही ऐकायला एक रंग पुरतो. रंग आला तर काहीतरी कळतं, रंग नाही आला तर काहीच कळत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर एखाद्याने असा निकाल दिला असता तर तिने त्याला उभा सोलला असता. त्या दिवसांत तिची बोटं गुलाबी झाली होती. अंजनाबाई म्हणाल्या, मेंदी कनाची गो? कल्पिता म्हणाली, तुझ्या बावीची. पावसाळ्याआधी मी पुड्या काढल्या, कशातच लाल नाही. ती आईच्या गळ्यात पडली. "आये, तुझी बाव झकास हाय."

पुढच्या वर्षी दिवस राहिले. सातव्या महिन्यात माहेरी गेली, तिकडची हवा खाईन म्हणाली, ताजी मासळी खाईन म्हणाली. अंजनाबाई तिला उठता बसता पाणी पाजायच्या, पोराला पाणी लागतं म्हणून, तांब्या भरून उशाशी. श्रावणात एके दिवशी फोनवर म्हणाली, सगळं कडू लागतंय रे. मी म्हटलं, मी नाही ना तिथं, म्हणून. हसली. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. कावीळ काय, आपल्याकडे कुणालाही होते, पण पोटुशीला ही पाण्यातली कावीळ झाली की ती वेगळी असते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तोवर ती कुणाला ओळखत नव्हती. मी तिचा हात धरून बसलो होतो. नखं पिवळी होती. मला सारखं वाटत होतं की ही बोटं गुलाबी असायला हवीत, कुणीतरी चूक केलीय, नमुना बदललाय. आधी पोर गेलं, मग ती. मी रडलो नाही म्हणून लोक घाबरले, आणि मग रडलो तेव्हा जास्त घाबरले. डॉक्टर म्हणाले, पाणी कुठलं प्यायल्या होत्या. माझ्यामागे अंजनाबाई उभ्या होत्या. सगळं उरकल्यावर, मढला, त्यांनी मला एकट्याला गाठून विचारलं, "आमच्याच पान्यानं का रे?" म्हटलं, आई, ती नाहूरलाही पाणी पीत होती, घाटकोपरला पाणीपुरी खात होती, सांगता येत नाही. "मंग शोध," त्या म्हणाल्या. "तुमी तेच करता ना."

मी शोधलं नाही. कितीतरी दिवस शोधलं नाही. मढला गेलोच नाही. मग एकदा विकीचा, माझ्या मेव्हण्याचा, फोन आला. त्याची बायको हेमांगी, तिला दिवस गेलेत. विकी तिच्यासाठी जारचं पाणी आणतो, पण ती ते पीत नाही. अंजनाबाई बावीचंच पितात, सगळ्यांसमोर पितात, तांब्या उंच धरून पितात, आणि सुनेने त्यांच्यासमोर जार उघडला की उठून आत जातात. "आई बोलते, जार आनला म्हंजे मीच पोरीला मारली असंच बोललात ना तुमी," विकी म्हणाला. "आता हेमा गुपचूप बावीचंच पिते. मी काय करू, दाजी, सांग." मी उठलो आणि हिरवा रंग घेतला. लाल घेतला नाही. लाल कल्पिताचा होता, दोन रंग एकमेकांत मिसळायला नकोत एवढाच तेव्हा विचार होता. या वेळी ओतणारा मी होतो, काढायला विकी. त्याला बजावलं, पुडी काढायच्या आणि बाटली भरायच्या दिवशी सकाळी चहा नाही, नाहीतर कॅफिन तुझंच सापडेल. त्याने मला फोनवर घाण शिवी दिली, पण चहा प्यायला नाही. अंजनाबाईंच्या घराकडे न फिरकता बंगल्याच्या त्याच संडासात मी हिरवं ओतलं. वाकलो तेव्हा मला वाटलं, ती इथंच उभी होती. भांड्याच्या कडेला एक फिकट गुलाबी ओघळ अजून होता, कुणी घासून घासून घालवला नव्हता. मी तिथं किती वेळ होतो कोण जाणे. राखणदाराने दार वाजवलं.

शर्मिष्ठा जिन्यात आली. हातात कागद. "पुन्हा लावलं. लाल आहेच." मी म्हटलं, बाकीचं सांग. गोडी आहे, म्हणाली, भरपूर आहे. कॅफिन पण आहे, म्हणजे घाण ताजी आहे. हिरवं तर बघितलंसच. "टाकीचं पाणी सरळ बावीत उतरतंय, प्रबुद्ध, काही शंकाच नाही. पण हे लाल कोणाचं?" म्हटलं, कल्पिताचं. ती तिथेच पायरीवर बसली. तीही कल्पिताच्या हाताखालची. मग तिच्याशी मी बोलत राहिलो की स्वतःशी, आता आठवत नाही. लाल हरवलं नव्हतं. टाकी आणि बाव यांच्या मधल्या काळ्या चिखलात बसून होतं, दोन पावसाळे इंचाइंचाने सरकत होतं. कधी पोचलं देव जाणे. मी पुड्या काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही पोचलं असेल. तिच्या उशाशी तांब्या भरला जात होता तेव्हा त्या तांब्यातही असेल. मधे बावीत पुडीच नव्हती, आणि ज्या पाण्यात कोणी पुडी टांगत नाही त्याचं काय झालं ते कोणालाच कळत नाही. हे सुरुवातीचं टोक आहे की सरत आलेली शेपूट, ते मशीन सांगत नाही. "तू घरी जा," शर्मिष्ठा म्हणाली. मी म्हटलं, मढला जातो. तिने कागद पुढे केला. मी घेतला नाही, कारण तो अंजनाबाईंना वाचता येणार नव्हता आणि मला वाचून दाखवता येणार नव्हता.

वर्सोव्याहून फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे जाते. मला ती जास्त लांब असायला हवी होती. घरी पोचलो तर अंजनाबाई ओट्यावर बसून जवळा निवडत होत्या. बस म्हणाल्या, वाळलास म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी का आलास ते विचारलं नाही. हेमांगी पोटावर हात ठेवून बाहेर आली आणि माझ्यासमोर पितळेचा तांब्या ठेवला, तोच. "कुठलं गं?" मी विचारलं. तिने सासूकडे पाहिलं. "बावीचं." मी तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. अंजनाबाईंचे हात जवळ्यात थांबले. त्या घरात मी तांब्या परत ठेवला, असं आजवर झालं नव्हतं.

"बोल," त्या म्हणाल्या.

"आई, बाव बंद करायला हवी. आजच. हेमाला एक घोट द्यायचा नाही."

"म्हंजे आमच्याच पान्यानं गेली."

"घाण यायला वाट आहे एवढं पक्कं कळलं. ती त्याच वाटेने गेली का ते..."

"सरल सांग, बाला. माज्याशी सायबासारखा नको बोलू."

"हो आई. मला वाटतं, हो."

त्या रडल्या नाहीत. जवळ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला, मग आणखी एक. "माज्या हातानं पाजत होते," त्या म्हणाल्या. "नको बोलायची तरी पाजत होते." हेमांगी भिंतीला टेकून खाली बसली. आता उठून जावं असं मला वाटलं, पण अर्धं सांगून जाता येत नव्हतं. मी त्यांना लालचं सांगितलं. तिने ओतलं होतं ते, बोटं गुलाबी झाली होती ते. ते आता आलंय. अंजनाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "इतक्या दिसांनी? मंग इतके दिस होता कुठं?" म्हटलं, वाटेत. चिखलात अडकून होतं. सावकाश येत होतं. त्या उठल्या आणि पदर खोचून मागच्या दाराने बाहेर गेल्या, मी त्यांच्यामागून.

बावीवर ऊन होतं. त्यांनी दोराला हात घातला, पण दोर मी त्यांच्याकडून घेतला. बादली मी सोडली, मी ओढली. ओतणाऱ्याने काढायचं नाही. पण ते नमुन्याच्या पाण्याला, आणि हे पाणी कुठल्या मशीनला लावायचं नव्हतं. बादली काठावर ठेवली. अंजनाबाई तिच्यावर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "लाल नाय दिसत," त्या म्हणाल्या. म्हटलं, डोळ्याला नाही दिसत. "पन हाय?" आहे, म्हटलं. "माज्या पोरीनं ओतलेला, तोच?" तोच, आई. दुसऱ्या कुणी लाल ओतलेलं नाही. पाणी स्वच्छ होतं, नितळ, तळाची गंजलेली कडी दिसत होती. त्यात काय काय आहे हे त्या सबंध मढमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि मला त्यातलं एकच दिसत होतं. तिच्या हातून सुटलेलं, जगात उरलेलं, अजून चालत असलेलं तेवढंच. माझे हात बादलीत गेले. मी ठरवलं नव्हतं. ओंजळ भरली आणि तोंडाकडे आणली, पाण्याचा गार वास नाकाला लागला.

अंजनाबाईंनी माझ्या हातांवर फाडकन मारलं. ओंजळ फुटली. माझी दोन्ही मनगटं त्यांनी घट्ट धरली, मासे कापून कापून घट्टे पडलेल्या हातांनी, आणि सोडेनात. "एक दिली या बावीला," त्या म्हणाल्या, "तुला नाय देनार." मग त्यांना रडू फुटलं, आणि मलाही. आतून हेमांगी जारचं झाकण उघडत असल्याचा आवाज आला. पाणी माझ्या कोपरांवरून मातीत गळत होतं. मी ते पुसलं नाही.